केसपेपरांतून रुग्ण शोधणारे सॉफ्टवेअर कसे बांधावे

मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केले, १९६२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासूनचे. जुन्या केसपेपरांतून रुग्ण शोधण्याच्या कामाला एक डॉक्टर लागतो आणि एक प्रोग्रामर, आणि आपल्याकडे ही दोघे सिटी बसने एकमेकांना भेटू शकतील इतक्या जवळ राहतात. तरीही प्रबंधासाठी जुने रुग्ण शोधायचे म्हटले की पीजी रेसिडेंट (पदव्युत्तर शिकणारा डॉक्टर) एमआरडीत, म्हणजे जुने केसपेपर ठेवण्याच्या विभागात, जाऊन बसतो, गठ्ठे सोडतो आणि हाती लागलेल्या रुग्णांवर प्रबंध लिहितो. जे हाती लागले नाहीत त्यांचा हिशेब कुठेच राहत नाही.

हा लेख अशा जोडीसाठी आहे: मेडिसिन, सर्जरी किंवा कम्युनिटी मेडिसिनचा रेसिडेंट आणि त्याला मदत करणारा कॉम्प्युटरचा विद्यार्थी. पायथन थोडेफार येत असेल आणि साधा लॅपटॉप असेल तर सुरुवात करता येते.

एक फरक आधीच समजून घ्या. नेटवर आपण काही शोधतो तेव्हा पहिल्या पाचात एक चांगले उत्तर आले की काम झाले. संशोधनात प्रश्न असतो, ‘या तीन वर्षांत असे रुग्ण एकूण किती?’ आणि त्यावर परीक्षकाने ‘सुटलेले किती असतील?’ असे विचारले तर त्यालाही उत्तर द्यावे लागते. म्हणून अशा सॉफ्टवेअरचा अर्धा भाग शोधण्याचा असतो आणि अर्धा भाग सुटलेले मोजण्याचा. हा दुसरा अर्धा भाग बहुतेक ठिकाणी बांधलाच जात नाही, म्हणून इथे त्याला जास्त जागा दिली आहे.

उदाहरण सगळीकडे एकच घेतो: सर्पदंशाने दाखल झालेल्यांपैकी किती जणांच्या मूत्रपिंडाला इजा झाली. उसाच्या आणि द्राक्षाच्या पट्ट्यात हा प्रश्न खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले, आणि २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने २०२४ मध्ये जाहीर केला. सॉफ्टवेअर शिकणाऱ्यालाही हे उदाहरण फार काही शिकवते, कारण केसपेपरावर साप अनेक नावांनी येतो आणि कित्येकदा नाव न घेताच येतो.

पहिली पायरी: ‘रुग्ण’ कोणाला म्हणायचे ते कागदावर लिहा

कोडची एकही ओळ लिहिण्याआधी रेसिडेंटने एक पानभर व्याख्या लिहावी. साप पाहिला नाही पण लक्षणे आहेत, असा रुग्ण धरायचा का? चावा झाला पण विष शरीरात गेलेच नाही, तो? पाच वर्षांपूर्वी साप चावला होता आणि आता डेंग्यूसाठी दाखल आहे, तो अर्थातच नको. मग हे सॉफ्टवेअरला कसे कळणार? शिराळ्याच्या सरकारी रुग्णालयात पहिला डोस घेऊन मिरजेला पाठवलेला रुग्ण दोन्हीकडच्या नोंदींत असेल. तो एक की दोन?

हे प्रश्न सोपे वाटतात, पण रेसिडेंट आणि गाइड यांनी वेगवेगळे बसून पन्नास केसपेपरांवर ‘होय, नाही, शंका’ असे शिक्के मारून पाहावेत. दोघांत कुठे मतभेद झाला ते बघा. व्याख्येतली भोके तिथेच दिसतात. दोघांचे एकमत किती, हे सांगायला ‘कोहेनचा कप्पा’ हा आकडा वापरतात. तो प्रबंधात द्यावाच लागतो, म्हणून आकडे पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. जिथे दोन डॉक्टरांचेच एकमत होत नाही, तिथे सॉफ्टवेअरकडून जास्त अपेक्षा करता येत नाही.

मोजायचे एकक पण इथेच ठरवा. कागद, भरती आणि माणूस या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एका माणसाच्या एका भरतीत वीस कागद निघतात. शोध कागदात होतो, आकडा मात्र माणसांचा किंवा भरतींचा द्यायचा असतो. आयपीडी नंबर (भरतीचा क्रमांक) प्रत्येक कागदाला जोडलेला नसेल तर पुढचे सगळे डळमळीत होते.

दुसरी पायरी: परवानगी आणि नावे काढून टाकणे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे जुन्या नोंदींवरच्या अभ्यासालाही एथिक्स कमिटीची मान्यता लागते. नोंदींतून ओळख काढून टाकलेली असेल, किंवा रुग्णांपर्यंत पोचणे शक्य नसेल, तर प्रत्येकाची संमती घेण्यातून कमिटी सूट देऊ शकते. ही सूट मागावी लागते, आपोआप मिळत नाही. अर्जात लिहा की डेटा कुठे राहील, कोण बघेल, केव्हा नष्ट होईल. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संशोधनाला काही अटींवर मोकळीक देतो. त्या अटी संस्थेच्या कायदेविषयक माणसाकडून समजून घ्या.

मान्यता येईपर्यंत हात बांधून बसायला नको. बोस्टनच्या एका रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाच्या नोंदींचा ‘मिमिक’ हा संग्रह फिजिओनेट या संकेतस्थळावर संशोधकांना मिळतो. त्याआधी एक छोटे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते आणि करारावर सही करावी लागते. त्यावर कोड चालवून पाहा, पण शोधायच्या शब्दांची यादी तिथून उचलू नका. बोस्टनच्या नोंदीत ‘रानात पाणी पाजताना’ असे कोणी लिहीत नाही.

ओळख काढताना अमेरिकेच्या हिपा या रुग्ण-गोपनीयतेच्या नियमांतली १८ गोष्टींची यादी पायाला घ्या आणि तिला आपल्याकडच्या गोष्टी जोडा: आधार, रेशनकार्ड, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा क्रमांक, एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसचा) नंबर, नातेवाइकाचा मोबाइल, सरपंचाचे किंवा पोलीस पाटलाचे नाव. नंबर काढणे सोपे असते. आडनावे अवघड. काळे, गोरे ही आडनावेही आहेत आणि त्वचेच्या वर्णनातले शब्दही. ‘पायावर काळे डाग’ यातला ‘काळे’ उडवला तर नोंदीचा अर्थच जातो. म्हणून निव्वळ आडनावांच्या यादीवर भिस्त ठेवू नका. ज्या रुग्णाचा कागद आहे त्याचेच नाव नोंदणीच्या तक्त्यातून घ्या आणि तेवढेच त्या कागदातून काढा. मग उरलेल्यांसाठी सामान्य यादी चालवा आणि शेवटी माणसाने वाचावे.

गावाचे नाव काढूनही ओळख पटू शकते, हे आपल्या भागात विसरू नये. छोट्या गावातल्या बारा वर्षांच्या मुलीला साप चावला तर ती बातमी तालुक्याच्या पेपरात आलेली असते. वय, महिना आणि तालुका एवढ्यावर तिला कोणीही ओळखेल. तालुक्याऐवजी जिल्हा आणि वयाऐवजी वयोगट ठेवा. तारखांसाठी अनेक जण प्रत्येक रुग्णाच्या सगळ्या तारखा ठराविक दिवसांनी पुढे-मागे सरकवतात. सर्पदंशात पावसाळा महत्त्वाचा असतो, त्यामुळे सहा महिने सरकवलेत तर अभ्यासच संपला. दोन-तीन आठवड्यांच्या आत राहा आणि हे कमिटीला आधी सांगा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतरच्या आजारांचा अभ्यास असेल तर तेवढेही चालणार नाही.

आणि केसपेपराचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नका. लॅपटॉपची पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करा, नावे आणि सांकेतिक क्रमांक जोडणारी किल्ली-फाइल वेगळ्या जागी ठेवा. एक प्रत वरच्या मजल्यावर असू द्या. कृष्णेकाठच्या शहरात तळमजल्यावरच्या एकाच कपाटावर विसंबून चालत नाही.

तिसरी पायरी: कोणत्या कागदापासून सुरुवात करायची

टाइप केलेल्या. डॉक्टरांच्या हस्ताक्षरातल्या रोजच्या नोंदी स्कॅन करून ओसीआरला (चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला) दिल्या तर हाती जे येते त्यावर शोध बांधण्यात अर्थ नाही, निदान पहिल्या वर्षी तरी नाही. डिस्चार्ज कार्ड, रेडिओलॉजी आणि हिस्टोपॅथॉलॉजीचे रिपोर्ट, रेफरलची पत्रे बहुधा टाइप केलेली असतात. सर्पदंशासाठी डिस्चार्ज कार्ड पुरेसे आहे, पण एक मोठी खाच लक्षात ठेवा: जो रुग्ण दगावला किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेला, त्याला नेहमीचे डिस्चार्ज कार्ड नसते. त्यांचे कागद वेगळे मागून घ्यावे लागतात. ते घेतले नाहीत तर तुमच्या अभ्यासात सगळेच रुग्ण बरे झालेले दिसतील.

चौथी पायरी: दोनशे कागद हाताने वाचा

या पायरीला फाटा देऊ नका. सॉफ्टवेअर बांधणाऱ्यानेही वाचायचे आहेत, रेसिडेंटच्या शेजारी बसून.

दोनशे कागद निवडायचे कसे? नुसते कसेही उचलले तर त्यात सर्पदंशाचे एक-दोनच निघतील आणि त्यावरून काही शिकता येणार नाही. म्हणून शंभर असे घ्या जे सर्पदंशाचे आहेत हे दुसऱ्या मार्गाने माहीत आहे. रुग्णालयाच्या औषध विभागात एएसव्हीच्या (सर्पविषावरच्या प्रतिविषाच्या) कुप्या कोणाला दिल्या याची नोंद असते. कॅज्युअल्टीचे रजिस्टर असते. सर्पदंश बहुतेक ठिकाणी एमएलसी म्हणून नोंदवतात, त्याचेही रजिस्टर असते. उरलेले शंभर त्याच वर्षांतल्या मेडिसिन वॉर्डमधून कुठलेही. पहिल्या शंभरातून शब्द मिळतात आणि दुसऱ्या शंभरातून फसगती कळतात. फक्त या मिश्रणावरून ‘दर शंभरात इतके’ असा आकडा काढू नका, कारण प्रमाण तुम्हीच ठरवलेले आहे.

दोनशेचे दोन भाग करा. एक वाचून नियम बनवायला, दुसरा शिक्के मारून बंद ठेवायला. बंद भाग सॉफ्टवेअर पूर्ण झाल्यावर एकदाच उघडायचा. नियम सुधारताना त्यात डोकावलात तर तो चाचणीच्या कामाचा राहत नाही.

वाचताना काय सापडेल याची कल्पना देतो. इंग्रजीत ‘स्नेक बाईट’, एका शब्दात आणि दोन शब्दांत. ‘अननोन बाईट’, हे तर फारच वेळा. मराठी मजकुरात ‘साप चावला’, ‘सर्पदंश’, ‘डसला’. नातेवाइकांच्या शब्दांत लिहिलेला इतिहास असेल तर ‘पान लागले’, ‘जनावर चावले’, ‘लांबडं चावलं’, कारण अनेक घरांत सापाचे नाव घेत नाहीत. घोणस, फुरसे, मण्यार, नाग ही नावे, मराठीत आणि रोमन लिपीत, प्रत्येकाच्या स्पेलिंगने. अथणी-विजापूरकडून मिरजेला येणाऱ्यांच्या नोंदीत कानडी ‘हावु’ही दिसू शकतो. आणि काही नोंदींत यातले काहीच नसते: ‘पहाटे पोटात दुखून उठला, पापण्या खाली येत आहेत, एएसव्ही दिले’. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, वेदना जवळजवळ होत नाही, दातांच्या खुणाही अनेकदा दिसत नाहीत. अशा रुग्णाच्या कागदावर साप हा शब्द शोधून उपयोग नाही. पापण्या, एएसव्ही आणि रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी यांवरून त्याच्यापर्यंत पोचावे लागते.

पाचवी पायरी: मजकूर एकसारखा करणे

हे कंटाळवाणे काम आहे आणि सगळ्यात जास्त रुग्ण इथे सुटतात.

जुन्या मराठी फाइली श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील तर पडद्यावर मराठी दिसते, पण आत भलतीच अक्षरे असतात. आधी रूपांतर करा. युनिकोडमध्येही ‘ऱ्य’ दोन पद्धतींनी टाइप होतो: एकात नुक्त्याचा ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साधा ‘र’ आणि न दिसणारे जोडणारे चिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला वेगळे. युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण हे दोन एक करत नाही, त्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो. अंकही दोन लिप्यांत असतात. सगळे एकाच लिपीत आणा.

पायथनसोबत मिळणाऱ्या ‘आरई’ मॉड्यूलमध्ये ‘शब्दातले अक्षर’ हे चिन्ह देवनागरीचे काना, मात्रा, वेलांटी अक्षर धरत नाही. त्यामुळे ‘साप’चे तुकडे होतात आणि कुठलीही चूक न दाखवता शोध रिकामा परत येतो. बाहेरून घ्यावे लागणारे ‘रेजेक्स’ मॉड्यूल वापरा. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एफटीएस५ या शब्दशोधाच्या भागातही हीच अडचण आहे: मजकुराचे शब्द पाडणाऱ्या त्याच्या ‘युनिकोड६१’ टोकनायझरच्या मूळ सेटिंगमध्ये फक्त अक्षरे आणि अंक शब्दात धरले जातात. ‘कॅटेगरीज’ या पर्यायात एमएन आणि एमसी हे काना-मात्रांसारख्या चिन्हांचे दोन वर्ग वाढवा. मग ‘फुरसे’, ‘चावलं’ आणि ‘घोणस’ असे शब्द स्वतः शोधून पाहा, तेव्हाच पुढे जा.

मूळ मजकूर मात्र जशाच्या तसा वेगळ्या रकान्यात ठेवा, ओळख काढून. साफ केलेला मजकूर शोधायला आणि मूळ मजकूर निर्णयाला.

सहावी पायरी: इंडेक्स

इंडेक्स म्हणजे कोणता शब्द कोणत्या कागदात आहे याची सूची. काही हजार किंवा लाखभर कागदांसाठी एसक्यूलाइट आणि एफटीएस५ पुरते. एक फाइल, सर्व्हर नाही, इंटरनेट नाही. एथिक्स कमिटीला समजावणेही सोपे. कागद वाढले आणि अनेक विभाग एकाच वेळी वापरू लागले तर सोलर किंवा इलास्टिकसर्चकडे जा, दोन्ही ल्युसीन या शोधाच्या लायब्ररीवर उभे आहेत. मिशिगन विद्यापीठाने याच कामासाठी ‘इमर्स’ नावाचे सॉफ्टवेअर बांधले आणि तेही ल्युसीन-सोलरवरच चालते. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते: डॉक्टर शब्दांचा संच बनवतात, तो जपून ठेवतात आणि एकमेकांना देतात. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय पहिल्या दिवसापासून ठेवा.

कागद इंडेक्समध्ये टाकताना त्याचे भाग वेगळे करा: तक्रार, पूर्वेतिहास, तपासणी, चाचण्या, उपचार, सल्ला, पत्ता. पूर्वेतिहासातला सर्पदंश आणि आताचा सर्पदंश यांत फरक करण्याचा हा सगळ्यात साधा मार्ग आहे. पत्ता तर वेगळा हवाच. ‘नाग’ने सुरू होणारे सगळे शब्द शोधलेत की पलूस तालुक्यातले नागठाणे आणि कवठे महांकाळकडचे नागज ही गावे निकालात येऊन बसतात, शिवाय नागनाथ नावाचे रुग्ण. रोमन लिपीत शब्दाच्या मधले तुकडे शोधत असाल तर आणखी वाईट: ‘मॅनेजमेंट’च्या स्पेलिंगमध्ये ‘नाग’ची तीन रोमन अक्षरे सलग बसलेली आहेत आणि ‘मॅनेजमेंट’ तर जवळजवळ प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर असतो.

बीएम२५ सारख्या, शब्द किती जुळतात ते मोजणाऱ्या सूत्राने क्रमवारी लावायला हरकत नाही, पण निकाल पहिल्या दहावर थांबवू नका. यादी पूर्ण द्या.

सातवी पायरी: मोठे जाळे, मग बारीक चाळणी

रचना तीन थरांची ठेवा. पहिला थर इंडेक्सचा: शक्य ते सगळे शब्द ‘किंवा’ने जोडून मोठा ढीग उचलायचा. दुसरा थर नियमांचा: त्या ढिगातल्या मूळ मजकुरावर बारीक तपासणी. तिसरा थर माणसाचा.

दुसऱ्या थराची गरज का पडते ते पाहा. बहुतेक इंडेक्स लहान-मोठी अक्षरे एक करतात आणि विरामचिन्हे टाकून देतात. केसपेपरावर दोन्हींना अर्थ असतो. मोठ्या अक्षरांतला ‘पीटी’ म्हणजे प्रोथ्रॉम्बिन टाइम, रक्त गोठायला लागणारा वेळ, घोणस चावलेल्या रुग्णात अत्यंत महत्त्वाची तपासणी. पहिले अक्षर मोठे आणि दुसरे लहान असेल तर तो बहुधा ‘पेशंट’. ‘आरव्ही’ म्हणजे इंग्रजीत घोणस, आणि हृदयाची उजवी जवनिकाही. टूडी एकोच्या रिपोर्टमधला आरव्ही घोणशीच्या यादीत आला तर नवल नाही. आणि निदानाआधीचे प्रश्नचिन्ह: आपले डॉक्टर ‘? स्नेक बाईट’ असे लिहितात तेव्हा ते ‘संशयित’ म्हणत असतात. इंडेक्सने ते चिन्ह गिळले की संशयित आणि खात्रीचा रुग्ण एकच झाला. इंडेक्स करण्याआधी शब्दापुढच्या प्रश्नचिन्हाच्या जागी स्वतःचा एखादा ठरलेला शब्द घाला.

नकाराचा प्रश्न सगळ्यात रंजक आहे. इंग्रजी नोंदींसाठी २००१ मध्ये ‘नेगएक्स’ ही साधी पद्धत प्रसिद्ध झाली: ‘नो’, ‘डिनाइज’ असे शब्द दिसले की त्यांच्यापुढच्या ठराविक अंतरातल्या लक्षणांवर नकार लावायचा. ती आजही उपयोगी आहे, पण आपल्या नोंदींत जशीच्या तशी बसत नाही. एका ‘नो हिस्टरी ऑफ’नंतर स्वल्पविराम देत आठ-दहा गोष्टींची माळ येते, नकार शेवटपर्यंत न्यावा लागतो. मराठीत नकार नंतर येतो: ‘ताप नाही, उलटी नाही’. म्हणजे मागे बघावे लागते. पण ‘साप चावला, साप पाहिला नाही’ यात नकार फक्त पाहण्याला आहे, चावण्याला नाही. ‘नो फँग मार्क्स’ (दातांच्या खुणा नाहीत) यात नकार खुणांना आहे, सर्पदंशाला नाही, मण्यारीच्या बाबतीत तर तो उलट इशारा आहे.

म्हणून माझा आग्रह असा की नकार सापडला तर नोंद टाकून देऊ नका, तिला फक्त ‘नकार दिसतो’ अशी खूण लावून माणसापुढे ठेवा. चाळीस जास्तीचे कागद वाचायला एक संध्याकाळ पुरते. सुटलेला रुग्ण नंतर कोणालाच दिसत नाही.

आठवी पायरी: वाचणाऱ्याचा पडदा

रेसिडेंट हे काम नाइट ड्यूटीच्या मधल्या वेळात करणार आहे. डावीकडे यादी, उजवीकडे कागद, सापडलेले शब्द पिवळे, आणि तीनच बटणे: होय, नाही, शंका. तिन्हींना कीबोर्डची एकेक कळ द्या. प्रत्येक निर्णय लगेच जतन होऊ द्या, कारण कॉल आला की तो अर्ध्यातून उठणार. कोणता नियम लागला म्हणून हा कागद आला, हे कागदावरच दिसू द्या. कोणी, केव्हा, काय शोधले याची नोंद आपोआप होऊ द्या. एथिक्स कमिटी ती मागू शकते.

नववी पायरी: सुटलेले मोजा

आता बंद ठेवलेला भाग उघडा. खऱ्या रुग्णांपैकी सॉफ्टवेअरने किती पकडले तो रिकॉल. डॉक्टर त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणून ओळखतात. पकडलेल्यांपैकी खरे किती ते प्रिसिजन, म्हणजे त्यांचे पीपीव्ही. तुमचा बंद भाग मिश्रणातला असल्याने रिकॉल त्यावर काढता येतो, पीपीव्ही मात्र माणसाने तपासलेल्या खऱ्या यादीवरूनच काढा.

हा रिकॉलही पुरेसा नाही, कारण त्यातले रुग्ण रजिस्टरवरून आलेले आहेत आणि रजिस्टरवर आलेला रुग्ण मुळातच ठळक असतो. म्हणून सॉफ्टवेअरने न पकडलेल्या ढिगात उतरावे लागते. समजा न पकडलेले कागद २०,००० आहेत. त्यातले ३०० सोडत काढून वाचले आणि एकही सर्पदंश निघाला नाही. छान वाटते. पण शून्य सापडले तर खरे प्रमाण ९५ टक्के खात्रीने तीन भागिले नमुना, म्हणजे ३०० ला १ टक्क्यापर्यंत असू शकते, आणि २०,००० चा १ टक्का म्हणजे २००. तुम्ही पकडलेले रुग्ण २५० असतील तर जवळजवळ तितकेच सुटलेले असण्याची शक्यता या तपासणीने नाकारलेली नाही. हा हिशेब प्रत्येक जोडीने एकदा स्वतः करून पाहावा.

उपाय असा की सोडत सगळीकडे सारखी काढू नये. न पकडलेल्या ढिगातून ‘जवळचे’ कागद वेगळे करा: कुठलाही चावा, पायाला अचानक सूज, पापण्या खाली येणे, रक्त न गोठणे, कारण न कळलेली मूत्रपिंडाची इजा. हे शक्य तर सगळे वाचा. उरलेल्या ढिगातून, बाळंतपण, मोतीबिंदू, हर्निया वगैरेतून, थोडे नमुन्याला. आणि एएसव्हीच्या नोंदीतले प्रत्येक नाव सॉफ्टवेअरच्या यादीशी ताडा. नावे काढलेल्या डेटावर हे करता येत नाही, म्हणून ते किल्ली-फाइल सांभाळणाऱ्या माणसाने करायचे आणि तुम्हाला फक्त सांकेतिक क्रमांक द्यायचे. त्या नोंदीत असून तुमच्या यादीत नाही, असा प्रत्येक रुग्ण काढून त्याचा कागद वाचा. नवे शब्द बहुतेक इथूनच मिळतात.

नवा शब्द मिळाला की यादी सुधारा, क्रमांक वाढवा, पुन्हा चालवा. नव्या आवृत्तीसाठी नवा बंद नमुना लागतो.

एआय मॉडेलांबद्दल

हल्ली पहिला प्रश्न हाच येतो की चॅटबॉटला सगळे कागद देऊन विचारायचे का नाही. बाहेरच्या सेवेला रुग्णाचा मजकूर पाठवणे एथिक्स कमिटीने स्पष्ट मान्य केल्याशिवाय नको. स्वतःच्या मशीनवर चालणारे मॉडेल दुसऱ्या थरात, ढिगातल्या कागदांवर ‘होय की नाही’ सुचवायला उपयोगी पडते, आणि त्याची परीक्षा त्याच बंद नमुन्यावर घेता येते. पहिल्या थरासाठी मी अजूनही शब्दांचा इंडेक्सच निवडेन. एखादा रुग्ण का सुटला, याचे उत्तर शब्दयादीत बोट ठेवून दाखवता येते. अर्थाच्या जवळिकीवर चालणाऱ्या शोधात तसे बोट ठेवायला जागा नसते, आणि ‘साप चावला’ व ‘साप चावला नाही’ त्याला फार जवळचे वाटू शकतात.

शेवटची पायरी: लिहिणे आणि पुढच्याच्या हाती देणे

नेहमीच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासांसाठी २०१५ मध्ये ‘रेकॉर्ड’ नावाची नियमावली आली. रुग्ण कोणत्या निदान-कोडने किंवा पद्धतीने निवडले ते पूर्ण द्यावे आणि त्या पद्धतीची पडताळणी झाली असेल तर तीही सांगावी, असे ती मागते. म्हणून प्रबंधाच्या परिशिष्टात पूर्ण शब्दयादी छापा, तिच्या आवृत्तीसह. डेटा कोणत्या तारखेला गोठवला ते लिहा. किती कागद, त्यातून किती पकडले, किती वाचले, किती ठरले, याची आकृती काढा. कोड आणि शब्दयादी उघडी ठेवता येते, रुग्णांचा मजकूर कधीच नाही. यादीत चुकून एखादे नाव किंवा गाव राहिलेले नाही ना, हे छापण्याआधी दुसऱ्या माणसाकडून बघून घ्या.

रेसिडेंट तीन वर्षांनी जातो, इंजिनिअर चार वर्षांनी. जाण्याआधी पुढच्या जोडीला तीन गोष्टी द्या: व्याख्येचे ते एक पान, शब्दयादी प्रत्येक शब्द कुठून आला या टिपणासह, आणि सॉफ्टवेअर बसवण्याच्या सूचना, ज्या कोऱ्या लॅपटॉपवर त्यांनी तुमच्यासमोर चालवून पाहिलेल्या असतील. किल्ली-फाइल आणि मूळ डेटा देऊ नका. त्यासाठी नव्या जोडीने स्वतःची मान्यता घ्यायची आहे. नव्या बॅचसोबत नवे संक्षेप येतात, तेव्हा यादी जुन्या कागदांवर बरोबर चालली म्हणून नव्यांवर चालेल असे धरू नये. पुढच्या जोडीचे पहिले काम ताज्या वर्षातले शंभर कागद हाताने वाचण्याचे.